वार

फॉर्मवर होतं: धूम्रपान – होय / नाही.
मी 'नाही'भोवती गोल केला.
पेन दवाखान्याचं, दोऱ्याने टेबलाला बांधलेलं,
टपरीवरच्या लायटरसारखं.

ऐरोली, सेक्टर आठ. माझा नंबर सतरा.
शेजारी गोठिवलीच्या एक आजी, सुनेला घेऊन आलेल्या,
दातांना मिश्रीची काळी कड.
सुनेच्या फॉर्मवर वाकून म्हणाल्या,
"नाय लिव. आपुन कवा बिरी ओरली?"
सुनेने लिहिलं.
बाकावर आम्ही सगळ्याच 'नाही'च्या.

आत थंडगार जेल. पडद्यावर करड्यात करडं काहीतरी.
गव्हाणकर मॅडमनी बोट ठेवलं: "ही वार."

मला वार माहीत होते.
सोमवार, त्या दिवशी रिलीज असते
आणि पाचाच्या आठ होतात.
गुरुवार, त्या दिवशी सोडते.
शुक्रवार.
आईच्या जुन्या लुगड्याचे वार,
गोधडीसाठी टराटरा फाडलेले.
आणि पाठीमागून होतो, तो.
सगळे पुल्लिंगी.
ही चौथी स्त्रीलिंगी निघाली,
माझ्याच आत तीन महिने राबत होती
आणि आमची ओळख नव्हती.

"बाळाचं येणं-जाणं सगळं हिच्यातून," मॅडम सांगत होत्या
भिंतीकडे बघत, सगळ्यांना सांगतात तसं.
"श्वास हिच्यातून, घास हिच्यातून.
धूर आला की हिच्या नसा आवळतात.
रक्तात प्राणवायूच्या जागेवर दुसराच वायू
बूड टेकून बसतो, उठत नाही.
मग बाळ वाढायचं तेवढं वाढत नाही,
किंवा घाईने येतं,
किंवा हीच वेळेआधी सुटते."
हातात माझा फॉर्म होता, म्हणून पुढे म्हणाल्या,
"तुम्हाला तो प्रश्न नाही म्हणा."

माझ्याकडे उत्तरं तयार होती, कुणी विचारलं असतं तर.
की रबाळ्याच्या चिमण्या रात्री दीडला काय सोडतात
ते या, हुंगून बघा.
की आमच्या टीममधल्या मृण्मयीने नऊही महिने ओढली,
पोरगा ऑलिम्पियाडला बसतो.
की नचिकेत बाल्कनीत ओढतो, दार लोटून,
आणि पडदे आमच्या खोलीचे वास मारतात;
त्याच्यासाठी तर फॉर्मवर रकानाच नाही.

"ठोके ऐकायचेत?"

शिलाई मशीन.
अगदी शिलाई मशीन, पायाची,
उद्या सकाळी लग्न आहे आणि कुणीतरी
रात्रभर बसून ब्लाउज पुरा करतंय.
कापड कमी पडेल की काय
याची त्याला खबर नाही.

उठले, पोट पुसलं, कुर्ता खाली ओढला.
दारापर्यंत गेले.
"मॅडम, तो फॉर्म."
'होय'भोवतीही गोल केला.
आता दोन्ही गोलात होते, चष्म्यासारखे,
माझ्याकडे बघत.

"किती?"
"पाच. कधी आठ."
"शेवटची?"
"आत्ता. खाली. पार्किंगमध्ये."
त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं,
मलाही रागावता आलं असतं.
त्यांनी आकडा लिहिला, तारीख घातली.
"आज सोडली तरी आजपासून फरक पडतो.
चुकलात तर येऊन सांगा, लपवू नका.
आणि पुढच्या वेळी मिस्टरांना आणा. त्यांनाही ऐकू दे मशीन."
मशीनच म्हणाल्या.
मी मनातलं मोठ्याने बोलले होते की काय कोण जाणे.

बाहेर आजींनी विचारलं, "काय बोलली डाक्टरीन?"
म्हटलं, वार दाखवली.
"वार पुरती परली पायजे गो," त्या म्हणाल्या,
"माजी तिसऱ्या येलेला अर्धी आत रायली,
मरता मरता वाचलू."
त्यांना शब्द पाठ होता, शरीरासकट.
कमरेच्या बटव्यातून मिश्रीची डबी काढली,
झाकणावर अंगठा ठेवला,
सुनेच्या पोटाकडे बघितलं.
मग काय केलं ते मला दिसलं नाही;
अठरा नंबर पुकारला, त्या दोघी उठल्या.

खाली टपरीवाल्याने मला लांबूनच पाहून
पाकीट हातात घेऊन ठेवलं होतं.

दुपारचे दोन. बुधवार.
अजून बराच उरलाय.